दहावीनंतर कोणती वाट?

(दहावीनंतर पुढे काय शिकावे, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यासमोर येतो. काही अभ्यासक्रम कठीण म्हणून ओळखले जातात. ते घ्यावेत की नाहीत, हे कसे ठरवायचे? प्रस्तुत पाठात भिंगारमधील दोन भावंडांच्या उदाहरणातून या प्रश्नाचा विचार केला आहे. ही भावंडे आणि त्यांचे घर कल्पनेतले आहे. प्रश्न मात्र खरा आहे.)

भिंगार हे अहिल्यानगर शहराला लागून असलेले जुने गाव. २०२४ पर्यंत शहराचे नाव अहमदनगर होते. बोलताना लोक आजही नुसते ‘नगर’ असेच म्हणतात. शहर वसण्याच्या आधीपासून भिंगार आहे. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळच्या लढाईत बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे याच परिसरात त्याने आपले शहर वसवले. आज गावाशेजारी लष्कराची मोठी छावणी आहे. नगरजवळच वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. लष्कराला लागणाऱ्या वाहनांवर तेथे संशोधन चालते. त्यामुळे रणगाडे, ट्रक आणि यंत्रे यांची ओळख भिंगारच्या मुलांना लहानपणापासूनच असते.

अशा या भिंगारमध्ये सलमा आणि तिचा चुलतभाऊ आरिफ एकाच घरात राहत होते. दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत एकाच वर्गात शिकत होते. दहावीचा निकाल लागला. सलमाला ८४ टक्के गुण मिळाले, आरिफला ८२. घरात पेढे वाटले गेले. संध्याकाळी सारे अंगणात बसले, तेव्हा पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला.

चाचा म्हणाले, “एवढे चांगले गुण आहेत. आता दोघांनीही सायन्सच घ्यायचे. यात विचार कसला करायचा?”

शेजारचे एक गृहस्थ भेटायला आले होते. ते म्हणाले, “अहो, सायन्स फार अवघड. सगळी पुस्तके इंग्रजीत. उर्दूतून शिकलेल्या मुलांना ते झेपत नाही. उगाच दोन वर्षे वाया जातील.”

अम्मी म्हणाली, “खर्चाचाही विचार करायला हवा.”

अब्बा गप्प होते. तेवढ्यात दादी म्हणाली, “तुम्ही सगळे बोलता आहात. पण शिकायचे ज्यांना आहे, त्यांना कोणी विचारले का?”

सगळ्यांनी मुलांकडे पाहिले. दोघांनाही काय बोलावे ते सुचेना. आजवर त्यांनी अभ्यास मनापासून केला होता; पण हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघे शाळेत सरांना भेटायला गेले. सरांनी दोघांचे अभिनंदन केले आणि विचारले, “मग, काय ठरवले?”

सलमा म्हणाली, “सर, बहुतेक सायन्स.”

“का?”

“सगळे म्हणतात म्हणून.”

सरांनी आरिफकडे पाहिले. तो म्हणाला, “सायन्स घेतले नाही तर गुण वाया जातील, असे चाचा म्हणतात... म्हणजे माझे अब्बाही तसेच म्हणतात. पण सर, मला भीतीही वाटते.”

सर हसले. ते म्हणाले, “गुण म्हणजे काही खिशातले पैसे नव्हेत, की ज्याच्याकडे जास्त आहेत त्याने महागडीच वस्तू घ्यावी. कोणी वाहवा करते म्हणून कठीण वाट धरू नका आणि कोणी भीती घालते म्हणून ती सोडूही नका. आधी चार प्रश्नांची उत्तरे शोधा.”

सरांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले :

१. ही वाट मला कोठे नेते?
२. ती माझ्याकडून रोज काय मागते?
३. ते देण्याची माझी तयारी आहे का? मी ते करून पाहिले आहे का?
४. अडचण आली तर दुसरी वाट आहे का?

मग सरांनी एकेका वाटेची माहिती सांगितली.

“अकरावी-बारावी विज्ञान हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक परीक्षा ३० गुणांची असते. गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही विषय घेता येतात. बारावीनंतर पुष्कळ दारे उघडतात : वैद्यकीय शिक्षण, औषधनिर्माण, कृषी, अभियांत्रिकी, विज्ञानाची पदवी. परंतु त्यांतल्या बऱ्याच दारांवर प्रवेश परीक्षा उभी असते. म्हणजे बारावीचा अभ्यास आणि प्रवेश परीक्षेचा अभ्यास, दोन्ही एकाच वेळी करावे लागतात.

“दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. नगरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीच्या गुणांवर तेथे अभियांत्रिकी पदविकेला प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, म्हणजे सहा सत्रांचा. दर सत्राच्या शेवटी परीक्षा. यंत्रशाळेत काम करावे लागते, आराखडे काढावे लागतात. ही सोपी वाट आहे, असा काही लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. येथेही गणित आहे, विज्ञान आहे आणि बहुतेक पुस्तके इंग्रजीतच आहेत.”

आरिफने विचारले, “सर, पदविका घेतली तर इंजिनिअर होता येत नाही ना?”

“का होता येत नाही? पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. जरा हिशेब कर. बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार वर्षे, किती झाली?”

“सहा.”

“पदविकेची तीन आणि पदवीची उरलेली तीन?”

“तीही सहाच!”

“म्हणजे वेळ सारखाच लागतो. फरक वेगळा आहे. पदविका झालेल्याच्या हाती तीन वर्षांनंतर एक कौशल्य असते. घरची अडचण आली तर तो नोकरी धरू शकतो. बारावी झालेल्यापुढे अधिक वाटा मोकळ्या असतात. पण हाती लगेच कामाचे कौशल्य येत नाही. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ज्याला डॉक्टर व्हायचे आहे त्याने बारावीला जीवशास्त्र घेतलेच पाहिजे. पदविकेच्या वाटेने तेथे जाता येत नाही.”

सलमाने विचारले, “आणि सर, सायन्स जमलेच नाही तर?”

“बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर दुसऱ्या शाखेची पदवीही घेता येते. एक वाट बंद झाली म्हणजे सगळा रस्ता संपला, असे नसते. पण परत फिरायला वर्ष-दोन वर्षे लागतात. म्हणून आधीच विचार करायचा.”

नंतर सरांनी एक वेगळी माहिती सांगितली. “कठीण अभ्यासक्रम घ्यावा की नाही, हा प्रश्न जगभरच्या मुलांना पडतो. १९६८ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ ही संस्था स्थापन झाली. तिची पदविका विद्यापीठात जाण्यापूर्वीच्या दोन वर्षांत घेतात. आपल्या पुणे जिल्ह्यात, पौडजवळ, १९९७ साली सुरू झालेल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये देशोदेशीची मुले हीच पदविका शिकतात. त्यांना सहा विषय असतात. त्यांत भाषाही हव्यात, विज्ञान आणि गणितही हवे. शिवाय प्रत्येकाला एका विषयावर स्वतः शोध घेऊन चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध लिहावा लागतो. समाजाच्या उपयोगाचे कामही करावे लागते. एकूण गुण ४५. उत्तीर्ण व्हायला साधारणपणे २४ हवेत.”

“बाप रे! हे तर फार कठीण!” सलमा म्हणाली.

“कठीण आहेच. पण तिथली मुले कशाने थकतात, माहीत आहे का? एखादे गणित सुटले नाही म्हणून नव्हे. सहा विषयांची सहा कामे एकाच आठवड्यात येऊन पडतात, म्हणून. मोठ्या अभ्यासक्रमात बुद्धीइतकीच वेळेची शिस्त लागते. रोजचे काम रोज करणारा तिथे टिकतो. हे तिथेही खरे, नगरच्या कॉलेजातही खरे आणि तंत्रनिकेतनातही खरे. म्हणून आता तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर मी देणार नाही. ते तुम्ही करून पाहायचे.”

सरांनी सलमाला अकरावीचे जीवशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे इंग्रजी पुस्तक दिले. ते म्हणाले, “रोज एक पान वाच. किती वेळ लागला आणि किती शब्द अडले, ते वहीत लिही. आठ दिवसांनी मला दाखव.” आरिफला ते म्हणाले, “तू तंत्रनिकेतनात जाऊन ये. यंत्रशाळा पाहा. तिथल्या मुलांना विचार, की दिवसभर ते काय करतात.”

पहिल्या दिवशी सलमाला एका पानाला पन्नास मिनिटे लागली. एकतीस शब्द अडले. तिचा धीर सुटला. शेजारचे गृहस्थ म्हणाले ते खरेच असावे, असे तिला वाटले. पण दुसऱ्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. अडलेले बरेच शब्द तिला नवे नव्हते. त्यांची नावे तेवढी नवी होती. उर्दूत जो मुसल्लस, तो मराठीत त्रिकोण आणि इंग्रजीत ट्रँगल. जो जाविया, तो मराठीत कोन आणि इंग्रजीत अँगल. जो दायरा, तो वर्तुळ आणि तोच सर्कल. वस्तू तीच, कल्पनाही तीच. ती तिला येतच होती.

सलमाने वहीत तीन रकाने आखले : उर्दू, मराठी आणि इंग्रजी. रोज अडलेले शब्द ती त्यात लिहू लागली. आठव्या दिवशी एका पानाला पंचवीस मिनिटे लागली आणि नऊ शब्द अडले. पान अजूनही सोपे नव्हते. पण पन्नासाचे पंचवीस झाले होते, हे तिच्या वहीतच लिहिलेले होते. आणखी एक गोष्ट तिला कळली. भौतिकशास्त्राचे पान संपले की ती पुस्तक मिटत असे. जीवशास्त्राचे पान संपले, तरी ती पुढचे पान उलटून पाहत असे.

आरिफ तंत्रनिकेतनात गेला. यंत्रशाळेत एक मुलगा लोखंडाचा तुकडा कानशीने घासत होता. माप थोडे चुकले म्हणून त्याला नवा तुकडा घेऊन पहिल्यापासून काम करावे लागले. आरिफने विचारले, “कंटाळा येत नाही का?” तो मुलगा म्हणाला, “येतो. पण माप बरोबर जुळले की सगळा शीण जातो.” आरिफला हे लगेच पटले. शेजारच्या गॅरेजमध्ये बंद पडलेले इंजिन सुरू झाले, की त्यालाही असेच वाटत असे.

तरी त्याच्या मनात एक शंका होती. तो सरांना म्हणाला, “सर, मला तंत्रनिकेतन आवडले. पण लोक म्हणतील, बावीस हजार कारणे सांगून याने सायन्स टाळले. पदविका म्हणजे कमी, असे समजतात ना?”

सर म्हणाले, “डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची गोष्ट ऐक. रामेश्वरमच्या एका साध्या घरातला हा मुलगा. घरची भाषा तामीळ. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून १९५४ साली त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. ती घेतल्यावर त्यांच्या लक्षात आले, की भौतिकशास्त्र हा आपला विषय नव्हे. आपल्याला अभियांत्रिकी शिकायला हवी होती. मग त्यांनी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळवला. प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये हवे होते. वडिलांपाशी तेवढे पैसे नव्हते. तेव्हा त्यांची बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली.

“तिथेही वाट सोपी नव्हती. एकदा विमानाचा आराखडा वेळेत पुढे गेला नाही, म्हणून प्राध्यापकांनी त्यांना तीन दिवसांची मुदत दिली आणि काम झाले नाही तर शिष्यवृत्ती बंद होईल, असे बजावले. कलामांनी रात्रंदिवस बसून तो पूर्ण केला. त्या संस्थेतून त्यांनी घेतली ती पदविकाच होती! पुढे १९९२ ते १९९९ या काळात ते संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचे प्रमुख होते. आपल्या नगरजवळची वाहन संशोधन संस्था याच संघटनेची आहे. २००२ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. अशा संस्थेत वैज्ञानिक लागतात, पदविका घेतलेले तंत्रज्ञ लागतात आणि आयटीआय शिकलेले कारागीरही लागतात. यांतला एक जरी आपल्या कामात कच्चा असेल, तरी गाडी पुढे जात नाही.”

त्या रात्री पुन्हा सारे अंगणात बसले. या वेळी मुले बोलली आणि मोठ्यांनी ऐकले.

सलमाने आपली वही अब्बांच्या हाती दिली. ती म्हणाली, “अब्बा, मी विज्ञान शाखा घेते. जीवशास्त्र मला आवडते. पहिले सहा महिने मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागेल. माझे गुणही कमी होतील. तेव्हा तुम्ही घाबरू नका.”

आरिफ म्हणाला, “मी पदविका घेतो. यंत्र अभियांत्रिकीची. चांगले गुण मिळाले, तर पुढे पदवीही करीन.”

चाचांना हे लगेच पटले नाही. ते म्हणाले, “लोक काय म्हणतील?” दादी म्हणाली, “लोक दोन दिवस बोलतील. शिकायचे मात्र यांना रोज आहे.”

अब्बांनी वहीची पाने सावकाश उलटली. पन्नास, सेहेचाळीस, चाळीस... शेवटी पंचवीस. ते म्हणाले, “खर्चाचे मी पाहतो. शिष्यवृत्तीची चौकशी तुम्ही दोघांनी करायची.”

अपेक्षेप्रमाणे, पहिल्या चाचणीत सलमाला भौतिकशास्त्रात पंचवीसपैकी नऊच गुण मिळाले. आरिफचा पहिला आराखडा तीनदा परत आला. दोघांनाही वाईट वाटले. पण नवल वाटले नाही. ही वाट रोज काय मागते, हे त्यांनी आधीच पाहून ठेवले होते.

विद्यार्थी मित्रांनो, लवकरच तुमच्यासमोरही हा प्रश्न येईल. मित्राने घेतले म्हणून काही घेऊ नका. कोणी कठीण म्हटले म्हणून काही सोडू नका. माहिती मिळवा, थोडे करून पाहा आणि मग निर्णय घ्या. विचार करून निवडलेली वाट कठीण असली, तरी ती आपली असते.

शब्दार्थ

अभ्यासक्रम – निसाब
निर्णय – फैसला
माध्यम – जरिया-ए-तालीम
पदविका – डिप्लोमा
तंत्रनिकेतन – पॉलिटेक्निक
सत्र – सेमिस्टर, सहा महिन्यांचा अभ्यासकाळ
प्रात्यक्षिक – अमली काम, प्रॅक्टिकल
कौशल्य – हुनर
शिष्यवृत्ती – वजीफा
कानस – लोखंड घासण्याचे हत्यार
गहाण ठेवणे – गिरवी रखना
झेपणे – करता येणे, निभावता येणे
धीर सुटणे – हिंमत हारना
शीण – थकवा, थकान

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) सलमा आणि आरिफ कोठे राहत होते?
(२) पदविकेचा अभ्यासक्रम किती सत्रांचा असतो?
(३) डॉक्टर होण्यासाठी बारावीला कोणता विषय घ्यावा लागतो?
(४) डॉ. कलाम यांच्या बहिणीने काय गहाण ठेवले?

प्रश्न २. कोण कोणास म्हणाले?
(१) “सगळे म्हणतात म्हणून.”
(२) “माप बरोबर जुळले की सगळा शीण जातो.”
(३) “लोक दोन दिवस बोलतील. शिकायचे मात्र यांना रोज आहे.”

प्रश्न ३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) सरांनी फळ्यावर कोणते चार प्रश्न लिहिले?
(२) सलमाने वहीत तीन रकाने का आखले?
(३) बारावी विज्ञान आणि पदविका यांत सरांनी कोणता फरक सांगितला?

प्रश्न ४. थोडक्यात लिहा.
पहिल्या चाचणीत कमी गुण मिळूनही सलमाला नवल का वाटले नाही?

भाषाभ्यास

उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. म्हणून शब्दाचे लिंग नीट पाहावे.
किताब (स्त्रीलिंग) – पुस्तक (नपुंसकलिंग) : ते पुस्तक कठीण आहे.
रास्ता (पुल्लिंग) – वाट (स्त्रीलिंग) : ती वाट कठीण आहे.
इम्तिहान (पुल्लिंग) – परीक्षा (स्त्रीलिंग) : ती परीक्षा कठीण आहे.
‘शहर’ हा शब्द उर्दूत पुल्लिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. त्याचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम

सलमाप्रमाणे उर्दू, मराठी आणि इंग्रजी असे तीन रकाने आखा. तुमच्या गणित व विज्ञानाच्या पुस्तकांतील वीस शब्द त्यात लिहा.